पी०१७१ आणि पी०३००: ऑक्सिजन सेन्सर नवा बसवूनही चेक इंजिनचा दिवा परत का लागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०३०० असे दोन कोड आले. गॅरेजमध्ये पुढचा ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलला आणि कोड पुसून गाडी परत दिली. काही दिवस दिवा बंद राहिला, मग तेच दोन कोड पुन्हा हजर. सकाळी थंड गाडी सुरू केली की आयडलिंगला थरथरते, गरम झाल्यावर बरीच सुधारते, रस्त्यावर पिकअप ठीक आहे. आता एअर फ्लो सेन्सर बदलायचा, इंजेक्टर साफ करून घ्यायचे, की थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा डबा) टाकायचा?

यातलं काहीच आज बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय एअर फ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणारा) पुढे कुठेतरी इंजिन चोरून हवा ओढतंय, यावर आहे. फाटलेला पाइप, दबून निकामी झालेलं गॅस्केट किंवा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा), असं काहीतरी. म्हणजे काढून टाकलेला ऑक्सिजन सेन्सर बहुधा चांगला होता आणि खरं तेच सांगत होता.

कोड म्हणजे बिघडलेल्या पार्टचं नाव नव्हे, इथून सुरुवात करू. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गाडी चालू असताना सतत चाचण्या घेत असतो. एखादी चाचणी नापास झाली की त्या चाचणीचा नंबर लिहून ठेवतो. पी०१७१ चा अर्थ ‘बँक १ चं (सिलिंडरच्या पहिल्या रांगेचं) मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, माझी दुरुस्ती पुरत नाही’ एवढाच. ऑक्सिजन सेन्सरचा त्यात उल्लेखही नाही. त्याच्या मापावरून निष्कर्ष निघाला म्हणून लोक त्यालाच उचलतात. सेन्सरच्या स्वतःच्या तक्रारीचे कोड वेगळे असतात, उदाहरणार्थ पी०१३१ किंवा हीटरसाठी पी०१३५.

कोडची रचना पटकन सांगतो. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखं चॅसिसचं काम, यू म्हणजे कंट्रोल युनिट्सचं आपसातलं बोलणं. त्यानंतर ० आला तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, १ आला तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागेवरचा आकडा (पी०१७१ मधला पहिला १) विभाग सांगतो: १ आणि २ इंधन-हवा, ३ इग्निशन आणि मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं), ४ धुराचं नियंत्रण, ७ आणि ८ गिअरबॉक्स. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ही पद्धत सक्तीची झाली, त्यामुळे समान कोड कुठल्याही गाडीत तोच अर्थ सांगतात. कंपनीच्या खास कोडचा अर्थ मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघा. एकच नंबर दोन कंपन्यांत दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतो.

आता लीनकडे येऊ. पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते, वजनाने. ईसीयू हवेच्या मापावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो आणि एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन किती उरला ते बघून चूक सुधारतो. या सुधारणेला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे या क्षणीची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे शिकून मुरलेली. दोन्हींची बेरीज करून वाचायची. बेरीज शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे १० टक्क्यांत असेल तर काळजीचं कारण नाही. बहुतेक गाड्यांत ती अधिक २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊन तिथेच टिकली की पी०१७१ पडतो.

तुमच्या सकाळच्या थरथरीचा उलगडाही इथेच होतो. इंजिन थंड असताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघतच नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. चोरून आलेली हवा त्या हिशोबात नसते, मिश्रण पातळ राहतं, सिलिंडर आलटून पालटून मिस होतात आणि पी०३०० पडतो. गरम झाल्यावर सेन्सर कामाला लागतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि गाडी शांत होते. काही दिवस दिवा बंद होता तो नव्या सेन्सरमुळे नव्हे. कोड पुसले की शिकलेले ट्रिमही बहुतेक गाड्यांत शून्यावर येतात. शिवाय अशा दोषांना सहसा दोन फेऱ्यांत नापास व्हावं लागतं: पहिल्या वेळी पेंडिंग कोड, लगेच पुढे पुन्हा तोच दोष दिसला तर पक्का कोड आणि दिवा. तेवढा वेळ गाडी ‘दुरुस्त’ वाटते.

म्हणून पहिला नियम: कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्या. कोड पडला त्या क्षणाचं इंजिनचं तापमान, आरपीएम, वेग, लोड, ट्रिम असं सगळं त्यात साठवलेलं असतं, आणि कोड पुसला की तेही जातं. साधा ब्लूटूथ स्कॅनरही ते दाखवतो. गॅरेजवाल्यांनी आधी ते लिहून ठेवलं असतं तर सेन्सरचा खर्च बहुधा वाचला असता. आता कोड परत आलेत, हे एका अर्थी बरंच झालं. समजा तुम्हाला दिसलं: कूलंट ८६ अंश, ७४० आरपीएम, वेग ०, लाँग टर्म ट्रिम +२३. म्हणजे गाडी सिग्नलला उभी असताना लीन झाली. त्याऐवजी ३,२०० आरपीएम आणि लोड ७० टक्के दिसलं, तर चढावर किंवा ओव्हरटेक करताना पेट्रोल कमी पडलं. दोन्हीकडे कोड एकच, पण शोधायची जागा वेगळी.

पुढची चाचणी तुम्ही घरीच करू शकता. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, एसी बंद, गिअर न्यूट्रलमध्ये. स्कॅनरवर दोन्ही ट्रिम लावा आणि आयडलिंगची बेरीज लिहा. मग गाडी २,५०० आरपीएमला रेस करून मिनिटभर स्थिर धरा आणि पुन्हा लिहा.

आयडलला +२२ आणि २,५०० ला +४ आलं तर हवेची गळती. कारण सोपं आहे. आयडलिंगला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ मिटलेला असतो, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्युम जोरदार असतो आणि एकूण हवा थोडी असते. त्या थोड्या हवेत भोकातून आलेली हवा मोठा वाटा घेते. रेस केल्यावर मुख्य वाटेने इतकी हवा येते की भोकाचा वाटा नगण्य होतो. उलट चित्र दिसलं, आयडलला ठीक आणि रेस केल्यावर किंवा रस्त्यावर लोड दिल्यावर ट्रिम वर चढतोय, तर पेट्रोल कमी मिळतंय किंवा एअर फ्लो सेन्सर जास्त हवेला कमी मोजतोय. पंप, फिल्टर, प्रेशर, मळलेला सेन्सर, या क्रमाने बघा. दोन्हीकडे सारखाच +१८ वगैरे असेल तर फ्युएल प्रेशर गेज लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक पोटभेद इथे सांगायलाच हवा, कारण त्यात भले भले फसतात. सगळ्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसतो. अनेक छोट्या इंजिनांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो आणि त्यावरून हवेचा हिशोब होतो. अशा गाडीत गळती झाली की दाबही वाढतो, ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोलही वाढवतो. मग ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंगच चढलेलं राहतं. तुमच्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्यापुढच्या पाइपवर सेन्सर आहे का ते आधी बघा. एअर फ्लो सेन्सर बदलू का, असं तुम्ही विचारलंय, म्हणजे तो असावा असं धरून मी बोलतोय.

दुसरा गुंता मिसिंगचा. मिसिंग आणि लीन यांत आधी कोण, हे ठरवल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. सिलिंडर मिस झाला की त्यातला ऑक्सिजन न जळता एक्झॉस्टमध्ये जातो. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, फक्त ऑक्सिजन मोजतो. त्याला वाटतं मिश्रण लीन आहे. ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि बाकीचे तीन सिलिंडर विनाकारण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालतात. म्हणजे एका खराब कॉइलमुळेही पी०१७१ पडू शकतो. फरक ओळखायचा तो कोडवरून. पी०३०१ ते पी०३०४ पैकी एकच नंबर परत परत येत असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता: कॉइल, प्लग, इंजेक्टर नाहीतर कॉम्प्रेशन. पी०३०० म्हणजे मिसिंग एका जागी नाही, विखुरलेलं आहे, आणि ते सगळ्यांना समान असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतं, म्हणजे हवा किंवा पेट्रोल. तुमच्याकडे पी०३०० आहे आणि तोही थंड आयडलला. म्हणून मी हवेकडे झुकलोय.

एकाच सिलिंडरचा कोड आला असता तर काम सोपं होतं. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावायची, गाडी चालवायची. पी०३०३ चा पी०३०१ झाला तर कॉइल गेली. कोड तिसऱ्यालाच राहिला तर तशीच प्लगची अदलाबदल करायची. तरीही जागचा हलला नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. यात पार्टचा खर्च शून्य आहे, तरी लोक एक कॉइल खराब म्हणून चारही बदलतात, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

आणि दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. लुकलुकणं म्हणजे मिसिंग इतकं जास्त आहे की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय आणि तो आतून वितळू शकतो.

आता गळती शोधायची कशी. बॉनेट उघडा, इंजिन आयडलिंगला ठेवा आणि आधी कान लावा. मोठी गळती सुस्काऱ्यासारखी ऐकू येते. मग एअर फ्लो सेन्सरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा जाड रबरी पाइप हाताने वाकवून त्याच्या घड्या उघडून बघा. भेगा नेहमी घडीच्या तळाशी असतात, वरून पाइप नवाकोरा दिसतो. यानंतर पीसीव्हीचा पाइप, म्हणजे टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डकडे जाणारा. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा हाच सापडला आहे. तेलाची वाफ आणि उष्णता खाऊन त्याचा कोपरा मऊ, फुगीर होतो आणि खालच्या, न दिसणाऱ्या बाजूने फाटतो. बोटांनी कोपरा दाबला की इंजिनचा आवाज बदलतो. एका गाडीत तो कोपरा बोटात धरताच भेग मिटायची आणि ट्रिम +२० वरून खाली यायला लागायचा, सोडला की परत चढायचा. त्या गाडीलाही आधी सेन्सर बदलून झाले होते. पाइप होता करंगळीएवढा.

पर्ज व्हॉल्व्ह पुष्कळजण विसरतात. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा हा छोटा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह थंड आयडलिंगला बंद असायला हवा. त्याचा टाकीकडचा पाइप काढून तोंडावर बोट ठेवा. इंजिन थंड असताना ओढ लागत असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, ही त्याचीच दुसरी खूण. ब्रेक बूस्टरचा पाइप, तेलाच्या झाकणाचं रबर, डिपस्टिक नीट बसली आहे का, हेही बघून घ्या. डिपस्टिक अर्धवट वर राहिली तरी काही इंजिनांत हवा आत शिरते.

मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर कार्ब क्लीनर फवारून आवाज बदलतो का बघायची पद्धत जुनी आहे. पण तो स्प्रे पेट घेतो आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो. मी ती सुचवणार नाही. त्यापेक्षा स्मोक मशीन असलेलं गॅरेज गाठा. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये धूर भरतात, भेग असेल तिथून तो बाहेर येतो, वादाला जागा राहत नाही. याच वेळी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ते पुढचा ऑक्सिजन सेन्सर एवढ्या भागातही गळती नाही ना ते बघायला सांगा. तिथल्या फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि मिश्रण ठीक असतानाही सेन्सर लीन म्हणतो.

एअर फ्लो सेन्सर बदलायच्या आधी साफ करा, पण त्यासाठीच बनवलेल्या स्प्रेने. ब्रेक क्लीनर, कापड, ब्रश, काही लावायचं नाही. आतली तार किंवा फिल्म केसाइतकी नाजूक असते. पूर्ण वाळल्यावरच कनेक्टर लावा.

नवा ऑक्सिजन सेन्सर खरं बोलतोय का, तेही तपासता येतं. जुन्या पद्धतीचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खालीवर होत राहतो, वर म्हणजे रिच, खाली म्हणजे लीन. इंजिन गरम असताना एक छोटा व्हॅक्युम पाइप काढा, व्होल्टेज पडलं पाहिजे. परत लावून ॲक्सिलरेटरला झटका द्या, ०.८ च्या वर उडी मारली पाहिजे. दोन्ही जमलं तर सेन्सरवर संशय घ्यायचं कारण नाही. अनेक नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो. त्याला हे आकडे लागू नाहीत, तिथे स्कॅनरवर लॅम्डाचा आकडा वाचा, १ च्या वर लीन, १ च्या खाली रिच.

कन्व्हर्टरबद्दल विचारलंत म्हणून: तुमच्याकडे पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) आलेलाच नाही, मग तो विषयच नाही. आला असता तरी मी आधी एक्झॉस्टची गळती आणि मागच्या सेन्सरचा आलेख बघायला सांगितलं असतं. चांगल्या कन्व्हर्टरमागचा सेन्सर गाडी एकसारख्या वेगात असताना जवळजवळ स्थिर राहतो. तो पुढच्याची नक्कल करत भराभर खालीवर होत असेल तर कन्व्हर्टर थकला. पण कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही, त्याला मिसिंग किंवा जळणारं तेल मारतं. ते कारण तसंच ठेवून नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार.

विषय निघालाच आहे तर ‘सर्किट’ कोडबद्दलही लिहितो, कारण सर्वांत जास्त चांगले सेन्सर फेकले जातात ते यांच्यामुळे. पी०११८ घ्या, कूलंट तापमानाच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. दोन तारांच्या या सेन्सरला ईसीयू ५ व्होल्ट देतो. तार तुटली किंवा कनेक्टर निघाला तर व्होल्टेज पूर्ण वर राहतं आणि स्कॅनर उणे ४० अंश दाखवतो. उन्हात उभ्या गाडीचं इंजिन उणे ४० ला असणार नाही, म्हणजे सर्किट उघडं आहे. कनेक्टर काढून त्यातले दोन पॉइंट वायरच्या तुकड्याने जोडा. आकडा एकदम उंच उडाला तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, सेन्सर गेला. उडाला नाही तर वायरिंग शोधा, सेन्सर तसाच राहू द्या. हा प्रयोग फक्त दोन तारांच्या तापमान सेन्सरवर करायचा. तीन तारांच्या सेन्सरवर अंदाजाने तारा जोडल्या तर ५ व्होल्टची लाइन अर्थ होऊन भलतेच कोड पडतील.

आणि एकदम वेगवेगळ्या विभागांचे डझनभर कोड, त्यात यू वाले पुष्कळ, असं दिसलं तर आधी बॅटरी. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर साधारण १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये मल्टीमीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. पी०१२८ ला (इंजिन पुरेसं गरम होत नाही) आधी कूलंटची पातळी, मग थर्मोस्टॅट. पी००१६ आला, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही, तर मात्र दिवस ढकलू नका. तेलाची पातळी लगेच बघा, आणि टायमिंग चेन तपासून होईपर्यंत लांबचा प्रवास टाळा.

तुमच्या गाडीची गळती सापडून बंद झाली की मगच कोड पुसा. इंजिन गरम करून पुन्हा तेच दोन ट्रिम लिहा, आयडल आणि २,५००. बेरीज ५ टक्क्यांच्या आत आली तर दुरुस्ती झाली. नुसता दिवा गेला म्हणून समाधान मानू नका. पुसल्यावर ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, अपूर्ण दिसतील. थंड स्टार्ट, शहरातली थांबत जाणारी फेरी आणि मोकळ्या रस्त्यावर एकसारखा वेग, असं काही दिवस मिसळून चाललं की ते पूर्ण होतात. त्यातही इव्हॅपचा, म्हणजे टाकीतल्या वाफेच्या यंत्रणेचा, मॉनिटर सगळ्यात आळशी. टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी असेल तर तो बहुतेक गाड्यांत चालतच नाही. कोड न पुसता गाडी चालवली तरी चालतं: लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो, आणि साधारण ४० वेळा इंजिन थंड-गरम झाल्यावर कोडही निघून जातो.

हे सगळं करून गळती सापडली नाही, तर पुढच्या वेळी एवढं लिहा: दोन्ही कोडची फ्रीझ फ्रेम, आयडल आणि २,५०० चे दोन्ही ट्रिम, फ्युएल प्रेशर मोजलं असेल तर तो आकडा, आणि रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन करून, इंजिन सुरू न करता, कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. शेवटचे दोन आकडे जवळपास सारखे यायला हवेत. त्यात १०–१५ अंशांचा फरक असेल तर दोघांपैकी एक सेन्सर कोड न टाकता खोटं बोलतोय, आणि थंड इंजिनला पेट्रोल किती द्यायचं ते ईसीयू त्याच आकड्यावरून ठरवतो.